मदत हवी आहे: सांगाड्याचा डीएनए अहवाल अर्धवट आला, आता कोणाचा नमुना द्यावा?

नमस्कार मंडळी. न्यायवैद्यक, पोलीस खातं किंवा वकिली यांतलं कोणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

माझे धाकटे काका २०२१ च्या पावसाळ्यात घरातून गेले ते परतलेच नाहीत. विसरण्याचा आजार होता. मिसिंग तेव्हाच दाखल केली. मागच्या उन्हाळ्यात घाटाखालच्या रानात जळण गोळा करणाऱ्या बायकांना सांगाडा दिसला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पोलिसांनी जुन्या मिसिंग चाळल्या आणि आम्हाला बोलावलं. डॉक्टरांचं मत असं: पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे, उजव्या मांडीचं हाड कधीकाळी मोडून जुळलेलं. काकांचा उजवा पाय तरुणपणी मोटारसायकलवरून पडून मोडला होता, त्यामुळे घरच्यांना फारशी शंका उरली नाही. पण तेवढ्यावर मृत्यूचा दाखला मिळत नाही, पेन्शन नाही आणि सातबाऱ्यावर वारस नोंदही नाही.

चुलत बहिणीचं, म्हणजे काकांच्या मुलीचं, रक्त घेतलं. पुष्कळ महिन्यांनी अहवाल आला: बरगडीच्या हाडातून अंशतःच डीएनए प्रोफाइल (ओळख पटवणाऱ्या खुणांचा संच) मिळालं, नात्याबद्दल मत देता येत नाही. तपासी अंमलदार चांगला माणूस आहे, पण तो म्हणतो की आईवडील किंवा मुलं सोडून कोणाचा नमुना चालत नाही. काकांचे आईवडील नाहीत, माझे वडील (त्यांचे सख्खे भाऊ) नाहीत, मुलगी एकच. उरलो मी, आत्या आणि काकू.

पुतण्याचा नमुना खरंच निरुपयोगी असतो का? आत्याचा? दुसरं हाड तपासायला लावता येतं का, आणि ते कोणाकडे मागायचं? सात वर्षं थांबा, मग कोर्टातून मृत घोषित करून घ्या, असंही काहींनी सुचवलं. त्याने कागद होतील, पण ती हाडं कोणाची हे तसंच राहील. आपलाच माणूस आहे हे कळल्याशिवाय अग्नी द्यायला काकू तयार नाही, आणि मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

प्रतिसाद १

मी प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो. आधी हाडाबद्दल. बरगडी पातळ असते. आपल्याकडचा पाऊस, उष्णता आणि आम्लधर्मी माती यांत तिच्यातला डीएनए लवकर तुटतो. मांडीच्या हाडाचा मधला घट्ट भाग, दाढा, आणि कानामागचं, आतला कान ज्यात असतो ते दगडासारखं कठीण हाड, यांत तो जास्त टिकतो. कवटी आणि दाढा मिळाल्या असतील तर फेरतपासणी जरूर मागा.

आता नाती. नेहमीच्या चाचणीत पेशीकेंद्रातले ठरावीक वीसेक ठिकाणचे तुकडे जुळवतात. मुलीचा प्रत्येक ठिकाणचा अर्धा वाटा वडिलांचा, पण पाच-सहाच ठिकाणं वाचता आली तर तेवढं परक्या माणसाशीही जुळू शकतं. म्हणून काकूंचंही रक्त द्या. मुलीत काकूंचा वाटा कोणता हे कळलं की उरलेला वडिलांचा, हे नेमकं सांगता येतं.

तुमचा नमुना निरुपयोगी अजिबात नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आजोबांचं वाय काकांत होतं, तेच तुमच्या वडिलांत आणि तुमच्यात. आत्यांकडे दुसरी किल्ली आहे: मायटोकाँड्रियाचा (पेशीत, पण केंद्राबाहेर असणाऱ्या, ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा) डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे तुमच्या आजीचा तो काकांत आणि आत्यांत एकच. पेशीकेंद्रात प्रत्येक तुकड्याच्या दोनच प्रती असतात, मायटोकाँड्रियाच्या शेकडो ते हजारो. म्हणून जुन्या हाडांत तो सापडण्याची शक्यता अधिक. रशियाच्या झारची राणी आणि मुली १९९० च्या दशकात अशाच ओळखल्या गेल्या, इंग्लंडच्या प्रिन्स फिलिप यांच्या रक्तावरून, कारण ते राणीच्या सख्ख्या बहिणीचे नातू, तेही मुलीकडून.

यांतलं एकटं काहीच पुरावा म्हणून पुरत नाही. तुमच्या भावकीतल्या साऱ्या पुरुषांचं वाय एकच असणार, आणि आजीच्या माहेरच्या बाजूने मायटोकाँड्रिया कित्येकांत तोच असणार. पण एकाच सांगाड्यात दोन्ही जुळले, तर आजोबांच्या घराण्यातला आणि आजीच्या पोटचा पुरुष म्हणजे जवळपास तुमचे वडील किंवा काकाच. मुलीचा अर्धवट जुळणारा भाग आणि मोडलेली मांडी त्यात धरली की मत देता येतं. आणि हो, पाय मोडला तेव्हाचा एक्स-रे घरात कुठे फायलीत असेल तर शोधा. हाड जुळल्याची खूण माणसागणिक वेगळी असते. कधीकधी डीएनएच्या आधी तोच निकाल देतो.

प्रतिसाद २

वकिली करतो. खाजगी लॅबमध्ये परस्पर चाचणी करू नका. नमुना कोणी, कोणासमोर घेतला, सीलबंद करून कोणी पोचवला, ही साखळी नसेल तर तो अहवाल कुठेच टिकणार नाही. तपासी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना, पोच घ्या. त्यात कोणतं हाड, कोणाचे नमुने, कोणती चाचणी हे वरच्या प्रतिसादाप्रमाणे स्पष्ट लिहा. निकाल लागेपर्यंत अवशेषांची विल्हेवाट लावू नये ही मागणी पहिल्याच परिच्छेदात घाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालचा, अकस्मात मृत्यूच्या चौकशीचा अहवाल जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो, तेव्हा पोलिसांनी दाद दिली नाही तर तिकडे अर्ज करा.

सात वर्षांचा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. त्यातून मृत्यू गृहीत धरतात, मृत्यूची तारीख ठरत नाही. पेन्शनच्या थकबाकीला नेमकं तेच आड येतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काकूला सगळं वाचून दाखवलं, ती रक्त द्यायला तयार आहे. एक्स-रे उद्यापासून शोधतो. अडचण आत्याची आहे: ती बेळगावला असते, प्रवास झेपत नाही. तिची मुलगी पुण्यात आहे. मायटोकाँड्रिया आईकडूनच येत असेल तर आतेबहिणीचा नमुना आत्याच्या जागी चालेल ना? चालत असेल तर अर्जात तिचं नातं कसं लिहायचं, आणि आत्याशी नातं दाखवायला जन्मदाखला पुरतो का?