मंडळाला एस कॉर्पोरेशनचे शेअर देणगीत मिळत आहेत. फॉर्म ८८८६-टी लागू होईल का?

खजिनदार (प्रश्नकर्ता):
नमस्कार. अमेरिकेतील एका मराठी मंडळाचा मी खजिनदार आहे. मंडळाला करकायद्याच्या ५०१(सी)(३) या धर्मादाय कलमाखाली करमुक्त दर्जा आहे आणि आम्ही फॉर्म ९९०-ईझेड हे छोटे वार्षिक विवरणपत्र भरतो. एका हितचिंतक उद्योजकांनी आपल्या एस कॉर्पोरेशनचे (ज्या कंपनीच्या नफ्यावर कंपनीऐवजी भागधारक कर भरतात तिचे) मतदानाचा हक्क नसलेले शेअर, म्हणजे एकूण शेअरपैकी नव्वद टक्के, मंडळाला देऊ केले आहेत. दोन-तीन वर्षांनी आम्ही ते कंपनीलाच परत विकायचे आहेत. दरम्यान नफा वाटला जाणार नाही आणि नवे शेअर घेण्याचे हक्क (वॉरंट) मात्र मूळ मालकांकडेच राहतील. मसुद्यात या व्यवहाराविषयी बाहेर वाच्यता करू नये असेही एक कलम आहे. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, असे कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांचे म्हणणे आहे. तरीही, आयआरएसला (अमेरिकी करखात्याला) काही कळवावे लागते का आणि सल्ला कोणाकडून घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (करमुक्त संस्थांचे काम पाहणारा सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल):
या गाईचे दात मोजलेच पाहिजेत. आपण वर्णन केलेली रचना आयआरएसने २००४ साली नोटिस २००४-३० द्वारे ‘लिस्टेड ट्रान्झॅक्शन’ (करटाळणीच्या यादीतील व्यवहार) म्हणून जाहीर केलेल्या व्यवहाराशी जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि यादीतील व्यवहाराशी बहुतांशी साम्य असलेला व्यवहारही यादीतच धरला जातो. कागदोपत्री नव्वद टक्के नफा करमुक्त संस्थेच्या नावे दाखवायचा, पैसा कंपनीतच ठेवायचा आणि वॉरंटच्या धाकाने संस्थेच्या शेअरची किंमत नाममात्र करून टाकायची, अशी ती युक्ती आहे. त्यातही गंमत अशी की एस कॉर्पोरेशनमधील उत्पन्न ५०१(सी)(३) संस्थेच्या हाती सर्वसाधारणपणे असंबद्ध व्यवसायाचे उत्पन्न मानले जाते. म्हणजे तिजोरीत एक डॉलर न येताही मंडळाला त्यावर कर भरण्याची वेळ येऊ शकते.

मे २००६ मध्ये झालेल्या कायद्याने करकायद्यात कलम ४९६५ आले. संस्थेने आपल्या करमुक्त दर्जाच्या बळावर अशा व्यवहाराला हातभार लावला, तर ती त्या व्यवहारातील ‘पक्ष’ ठरते. तिला व्यवहाराचे स्वरूप ठाऊक नसले, तरी त्यातील निव्वळ उत्पन्न किंवा मिळालेल्या रकमेचा ७५ टक्के भाग, यांपैकी जे अधिक असेल त्यावर सर्वोच्च कॉर्पोरेट दराने, म्हणजे सध्या २१ टक्क्यांनी, कर बसतो. ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवे होते असे ठरले, तर ते संपूर्ण निव्वळ उत्पन्न किंवा ७५ टक्के रक्कम, यांतील मोठा आकडाच कर म्हणून भरावा लागतो. शिवाय जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या पदाधिकाऱ्याला प्रत्येक मंजुरीमागे २०,००० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. हे कर फॉर्म ४७२० वर भरले जातात.

माहिती कळवण्यासाठी फॉर्म ८८८६-टी आहे. ८८८६ हा करदात्यांचा वेगळा फॉर्म असल्याने गल्लत करू नये. व्यवहारात शिरलेल्या कॅलेंडर वर्षानंतरच्या १५ मेपर्यंत तो स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. व्यवहार नंतर कधी यादीत आला, तर यादीत आल्याच्या पुढील वर्षाचा १५ मे धरावा. उशीर झाल्यास कायद्यातील मूळ दंड रोज १०० डॉलर, कमाल ५०,००० डॉलर असून महागाईनुसार तो वाढतो. आपल्या ९९०-ईझेडमध्ये ४०ई या ओळीवर याच विषयाचा प्रश्न आहे, आणि पूर्ण फॉर्म ९९० भरणाऱ्यांसाठी तो भाग पाचमधील ५ए ते ५सी या ओळींवर आहे. तेथे सवयीने ‘नाही’वर खूण करणारे खजिनदार मी पाहिले आहेत.

प्रतिसाद २ (एका मंडळाचे माजी अध्यक्ष):
करमुक्त संस्थांच्या करकायद्यात मुरलेला वकील नेमावा. देणगीदाराने सुचवलेला किंवा त्यानेच फी दिलेला नको. त्याला वॉरंटसह सगळे कागद दाखवावेत आणि मत लेखी घ्यावे, कारण पूर्ण माहितीवर आधारलेल्या लेखी मतावर विसंबल्याचा पुरावा पदाधिकाऱ्यांच्या कामी येऊ शकतो. तोवर ठराव मांडू नये, आणि चर्चा झालीच तर कोणी काय आक्षेप घेतला ते इतिवृत्तात लिहावे.

प्रतिसाद १ (पुन्हा):
एक खुलासा राहिला. गुप्ततेचे कलम आहे एवढ्यावरून व्यवहार ‘कॉन्फिडेन्शियल’, म्हणजे कलम ४९६५ खालील निषिद्ध व्यवहारांच्या दुसऱ्या प्रकारातला, ठरत नाही. सल्लागाराची किमान फी, जी कॉर्पोरेशनसाठी २,५०,००० आणि इतर बहुतेकांसाठी ५०,००० डॉलर आहे, तीही पाहतात. येथे मात्र लिस्टेड ठरण्याची शक्यताच इतकी मोठी आहे की त्या मोजमापाची गरज पडू नये. निषिद्ध व्यवहारातील करपात्र पक्षाने करमुक्त पक्षाला तसे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही आपण देणगीदारांना सांगावे.

खजिनदार (प्रश्नकर्ता):
सर्वांचे आभार. हा व्यवहार लिस्टेड आहे की नाही, एवढाच प्रश्न मी काल देणगीदारांच्या सल्लागारांना ईमेलने विचारला. त्यावर, हे लेखी नको, फोनवर बोलू, असे उत्तर आले आहे. ते उत्तर छापून मी उद्याच्या बैठकीच्या कागदांना जोडले आहे, आणि विषयपत्रिकेवरचा देणगीचा ठराव तूर्त काढून घेतला आहे.