सप्तरंगीची पूड: डॉक्टर उगाच नाक मुरडतात का?

उपवनकर: ठाण्याच्या उपवन तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींत सध्या मधुमेहावर सप्तरंगी या वेलीच्या मुळांच्या पुडीचा बोलबाला आहे. ही निव्वळ ऐकीव गोष्ट नाही. त्या वेलीच्या जातीतलं सॅलासिनॉल हे द्रव्य जपानी संशोधकांनी १९९७ साली जगासमोर आणलं. ते आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेज एन्झाइमला अडवतं. म्हणजे भात-पोळीतलं पिष्ट सावकाश फुटतं, जेवल्यावर साखर एकदम चढत नाही. अकार्बोज आणि वोग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या हेच करतात. मग गोळी चालते आणि मुळी चालत नाही, हा कुठला न्याय?

कळवेकर: न्याय मात्रेचा. वोग्लिबोजच्या पाकिटावर ०.२ किंवा ०.३ मिलिग्रॅम छापलेलं असतं. तुमच्या पुडीत सॅलासिनॉल किती, आणि सोबत आणखी काय दळलंय? शिवाय अकार्बोजनेही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, साधारण अर्धा ते पाऊण टक्काच उतरतं. न फुटलेलं पिष्ट मोठ्या आतड्यातले जंतू खातात, मग गॅस. ८.१० च्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून बघा.

घोडबंदरची_सून: सासरे मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळीही घेतात आणि गुपचूप ही पूडही. काही धोका?

कळवेकर: आहे. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते. अशा वेळी आपण साखरपाणी देतो, पण साखर फोडणारं एन्झाइमच अडलेलं असेल तर ती लवकर लागू पडत नाही. घरात ग्लुकोज पावडर ठेवा, ती फोडावी लागत नाही; आणि पुडीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. आजच.

उपवनकर: भीती घालू नका. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन गोळीचं मूळही गॅलेगा नावाच्या झुडपातच सापडतं. तुतीतल्या द्रव्याशी मिग्लिटॉल या मधुमेहाच्या गोळीचं नातं आहे.

कळवेकर: अहो, मग तेच तर म्हणतोय! गॅलेगातलं गॅलेजिन विषारी निघालं, म्हणून रेणू बदलावा लागला. आणि अकार्बोज तर झाडातून नाही, जिवाणूपासून मिळतं. झाडातून आलं म्हणून औषध सौम्य, हे कुणी ठरवलं?

येऊरचा_वाटाड्या: दोघेही पोटातच अडकलात. ही सह्याद्रीतली वेल. मूळ खणून काढलं की वेल गेली, पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. अख्ख्या ठाण्याने पूड सुरू केली तर मुळं आणणार कुठून?

उपवनकर: हा मुद्दा मान्य. लागवड करा, सरकारी प्रयोगशाळेत मात्रा ठरवा. तोवर माझी पूड चालू.

कळवेकर: डॉक्टरांना सांगितलंत?

उपवनकर: विचारलं तर सांगेन.