मदत हवी आहे: सोलापूरहून एसईएम आणि एलसी-एमएससाठी नमुने कसे पाठवावेत?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय. विषय डाळिंबावरचा तेल्या रोग. सांगोला-पंढरपूरकडे हे नाव काढलं की बागायतदाराचा चेहराच उतरतो. याचा जिवाणू, झँथोमोनास, पर्णरंध्रांतून आणि जखमांतून पानात शिरतो. भगवा जातीच्या डाळिंबाच्या पानावर ते शिरणं मला एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघायचंय आणि रोगट पानातली फिनॉलिक द्रव्यं एलसी-एमएसवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासायचीत.

आमच्याकडे लॅमिनार, इनक्युबेटर, पीसीआर एवढं आहे. कोट्यवधींची यंत्रं प्रत्येक महाविद्यालयानं घ्यावीत असं मी म्हणतही नाही, त्यासाठीच तर सामायिक उपकरण केंद्रं असतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं आणि पवईला आयआयटीचं सैफ, म्हणजे असंच केंद्र, आहे हे माहीत आहे. घोडं अडलंय पुढे.

पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात इथे पारा ४२च्या वर जातो. थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस भरून एसटीनं कोल्हापूर गाठेपर्यंत पानांचं काय होईल? दुसरी, स्लॉटची, म्हणजे यंत्रावर वेळ मिळण्याची. एका केंद्रात विचारलं तर आधी आमची मुलं, मग बाहेरचे, असं उत्तर आलं. तक्रार नाही, पण ‘मग’ म्हणजे कधी, हे कोणी सांगेना. शिवाय यंत्र ऑपरेटर चालवणार. पर्णरंध्राच्या कडेला नेमकं काय शोधायचं ते मला ठाऊक. शेजारी बसू देतात का? आणि पेपरात त्यांचे आभार मानायचे की नाव घालायचं?

प्रतिसाद:
ताई, एसईएमसाठी बर्फ लागतच नाही. पानाचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवा, फॉस्फेट बफरनं धुवा, मग ३० टक्क्यांपासून शुद्ध इथेनॉलपर्यंत चढत जा. शेवटी एचएमडीएस या रसायनानं वाळवा, तेही घातक वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूमहूडमध्येच. वाळलेले तुकडे सिलिका जेलसोबत डबीत घालून न्या. जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे केंद्रवाल्यांनाही धास्ती नाही. सोन्याचा मुलामा ते तिथे देतात. इथेनॉलमध्येच पाठवायचा विचार मात्र करू नका, ज्वलनशील म्हणून कुरिअरवाला पार्सल परत देईल.

एलसी-एमएससाठी पानं लायोफिलाइझ करून, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवून, भुकटी न्या. तुलनेसाठी निरोगी पानाची भुकटी आणि ब्लँक, म्हणजे नुसत्या द्रावकाचा नमुना, विसरू नका. भुकटीचा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला हवा. द्रावक कोणता चालेल ते ऑपरेटरला आधीच विचारा.

स्लॉटसाठी आय-स्टेम पोर्टलवर नोंदणी करा. देशभरातल्या संस्थांची उपकरणं तिथे सापडतात. एकाच केंद्राच्या भरवशावर राहू नका, पुण्यातलीही बघा. शेजारी बसायचं असेल तर बुकिंग करतानाच गाइडच्या सहीच्या पत्रात तसं लिहा. ऐनवेळी विचारलं की नाही म्हणतात. शुल्क भरून मोजमाप करून घेतलं तर आभारात केंद्राचं नाव पुरे. ऑपरेटरनं प्रयोगाची आखणी किंवा अर्थ लावण्यात डोकं घातलं असेल, तर सहलेखक करणंच रास्त.

धागाकर्ती:
मनापासून आभार. फ्यूमहूड आहे, लायोफिलायझर नाही. इथल्या केगावला विद्यापीठात आणि डाळिंब संशोधन केंद्रात विचारतेच. शहरात आणखी कुणाकडे असेल आणि बाहेरच्यांना वापरू देत असतील तर कृपया इथेच कळवा. पानं पावसाळ्यात गोळा करायचीत, तोवर सोय लागली पाहिजे.