बॉल पायथन सात आठवडे खात नाहीये आणि दिवसरात्र फिरतोय, आजारी असेल का?

वेटोळं

मंडळी जरा घाबरून लिहितेय. माझ्याकडे बॉल पायथन (अजगराची एक जात) आहे, नर, वय दीड वर्ष, नाव भोपळा (वेटोळं घालून बसला की अगदी तसाच दिसतो म्हणून). खाण्याच्या बाबतीत आजवर एकदम शहाणा होता, दर पाच दिवसांनी ८० ग्रॅमचा रॅट द्यायचे, चिमट्यात धरून समोर नेला की झडप घालून दोन सेकंदात आवळून मोकळा. गेले सात आठवडे तोंडच लावत नाहीये. मी दर तीन दिवसांनी देऊन बघतेय, जीभ काढून हुंगतो आणि मान वळवून हाइडमध्ये (लपायच्या खोक्यात) निघून जातो, एकदा तर रॅट नाकाला लागला तेव्हा डोकं वेटोळ्यात खुपसून बसला.

आणि आधी दिवसभर दगडासारखा पडून असायचा तो हल्ली सतत फिरतोय, रात्री ठीक आहे पण भर दुपारी सुद्धा, काचेच्या टाकीच्या वरच्या कोपऱ्यात नाक घासत राहतो, नाकावरचा एक खवला पांढरट पण झालाय. भूक लागलीये म्हणून फिरतोय म्हणावं तर समोर ठेवलेलं खात का नाही?? वजन सात आठवड्यांपूर्वी ७८० ग्रॅम होतं, आज ७६१. घरातले म्हणतायत तोंड उघडून भरव सरळ. भरवू का?

जुनं_बीळ

भरवू नको. अजिबात नको. जबरदस्तीने भरवणं हे डॉक्टरांचं काम आणि तेही अगदी शेवटचा उपाय म्हणून, घशाला जखम झाली किंवा त्याने ओकून टाकलं तर आत्ता आहे त्याच्या दसपट त्रास होईल.

आधी वजनाकडे बघ. १९ ग्रॅम म्हणजे अडीच टक्के पण नाही, एकदा पोट साफ झालं तरी एवढा फरक पडतो. १० टक्क्यांच्या आसपास घट दिसली, किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेस, तोंड उघडं टाकून मान वर धरून बसणं असलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टर. नुसतं खात नाही एवढंच असेल तर या जातीत ते फार नवल नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हे साप वाळवीच्या वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात राहतात आणि महिनोन्महिने न खाता काढू शकतात, त्यात वयात येणारे नर तर ठराविक सीझनला बऱ्याचदा खाणं सोडतात. माझ्या नराने एकदा पाच महिने काही खाल्लं नव्हतं, मी वाळत चाललो होतो, तो मजेत होता.

पण फिरण्याचं मला वेगळं वाटतंय. संध्याकाळनंतर बाहेर पडून चक्कर मारणं नॉर्मल, तो निशाचरच आहे. दुपारी नाक घासत फिरणं म्हणजे त्याला तिथून निघायचंय. गरम बाजू किती, थंड बाजू किती, ह्युमिडिटी किती आणि हे सगळं कशाने मोजतेस ते सांग. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर असेल तर त्यावर विश्वास ठेवू नको.

झटपट

जिवंत देऊन बघा एकदा, हालचाल दिसली की झडप घालतोच. आमच्याकडे चाललं होतं.

कोकोहस्क

जिवंत नको हो प्लीज. ज्याला भूक नाही अशा सापासमोर जिवंत रॅट सोडला की रॅटच सापाला खातो. मी सुरुवातीला हा शहाणपणा केलाय, रात्री सोडला आणि झोपले, सकाळी पाठीवर दोन इंच कातडी कुरतडलेली, आत पांढरं दिसत होतं. जखम भरली पण तिथले खवले अजून वाकडेच येतात, प्रत्येक वेळी कात टाकताना नेमकी तिथेच अडकते.

फ्रोझन (मारून गोठवलेला) रॅटच द्या पण नीट गरम करून. फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्यायचा, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, आणि शेवटी डोक्याकडची बाजू थोडी जास्त ऊबदार. मायक्रोवेव्ह नाही!! त्याच्या ओठांवर जे खड्डे दिसतात ना त्यांनी तो उष्णता ओळखतो, कोमट पडलेला रॅट त्याच्यासाठी नुसता गोळा आहे. वरून कोरडा पुसायचा, खोलीत अंधार करायचा आणि चिमटा समोरून तोंडावर न आणता बाजूने न्यायचा.

आणि दर तीन दिवसांनी का देताय, त्यालाही वैताग येत असेल, दर वेळी दार उघडून कोणीतरी तोंडासमोर काहीतरी नाचवतंय. दोन आठवडे गप्प राहा, हातातही घेऊ नका. डोळे निळसर दिसले, म्हणजे कात येतेय, तर तेवढ्यात विचारायचंही नाही.

जुनं_बीळ

हे बरोबर. आणि आधीचं प्रमाण पण जास्तच होतं, ८० ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाच्या दहा टक्के, ते पिल्लांना ठीक आहे. याला आता ४०-५० ग्रॅमचा, दोन आठवड्यांनी एकदा, पुरे. वरून बघ, पाठीचा कणा किंचित जाणवायला हवा, अंग त्रिकोणी पण कडा गोल असं. वळल्यावर वळ्या पडत असतील आणि खवल्यांच्या मधली कातडी दिसत असेल तर तो जाडा आहे, मग उपास त्याने स्वतःहून धरलाय असं समज.

वेटोळं

वळ्या पडतात 🙈 मला वाटायचं गुटगुटीत आहे.

आणि तापमान. गोल काटा ३२ दाखवत होता म्हणून निश्चिंत होते. आज डिजिटल प्रोब आणून ठेवला तर गरम हाइडच्या आत ३८! थंड बाजू ३० च्या वर. शोधलं तर थर्मोस्टॅटचा (तापमान आवरतो तो) सेन्सर हीट मॅटवरून (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) निसटून मागे हवेत लोंबकळत होता, त्याला गारच वाटत राहिलं आणि तो मॅट तापवत राहिला. कधीपासून ते देव जाणे, बहुतेक मागच्या साफसफाईत माझ्याच हाताने निघाला असणार. म्हणजे बिचारा गार जागा शोधत फिरत होता आणि मी मागे रॅट घेऊन. पोटाला भाजलेलं दिसत नाहीये, नीट बघितलं.

जुनं_बीळ

सापडलं म्हणायचं. गरम बाजू ३१ ते ३३, थंड २५-२६, ह्युमिडिटी ६० च्या आसपास ठेव. सेन्सर टेपने नको, टेप सुटली तर सापालाच चिकटते, तेलाने सोडवत बसावं लागतं. दोन्ही बाजूंना एकसारखे हाइड दे, अंग भिंतींना टेकेल इतके घट्ट, आणि मधे पानं फांद्या भर म्हणजे उघड्यावरून जावं लागणार नाही. एक जाड आडवी फांदी पण टाक, लोक म्हणतात हे चढत नाहीत पण जंगलात यांचे नर झाडावर चढून पक्षी खातात.

वेटोळं

तीन आठवड्यांनी अपडेट. फिरणं चौथ्या दिवशीच थांबलं, आता अंधार पडल्यावर फांदीवर एक फेरी आणि परत हाइड, नाक पण बरं दिसतंय. मधे कात टाकली, अख्खी एका तुकड्यात. आज रात्री ४५ ग्रॅमचा दिला, हाइडच्या तोंडाशी धरला तर मिनिटभर काहीच नाही आणि मग असा धप्पकन आवाज की माझ्या हातातला चिमटाच पडला 😄 पण शेपटीकडून गिळायला सुरुवात केलीये, मागचे पाय अडकल्यासारखे वाटतायत, सोडवू का?

कोकोहस्क

हात लावू नका, गिळेल तो. लाइट बंद करा आणि दोन दिवस त्याला उचलू नका.