हेडफोन आणि स्पीकर, दोन्हींसाठी टेबलावर एकच ॲम्प की दोन वेगळे?

टेबलखुर्ची

टेबलावर ठेवण्यासाठी ॲम्प निवडायचा आहे. हाताशी आहे ते असं:

सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओहम.
एक प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन, ५० ओहम, कागदावर ९० डेसिबल प्रति मिलिवॉट.
पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) बुकशेल्फ स्पीकर, ६ ओहम, ८६ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर). कानापासून अंतर ७० सेंमी.
गाणी डेस्कटॉप संगणकावरून, यूएसबीने.

डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग), हेडफोन जॅक आणि स्पीकरचे टर्मिनल असं सगळं एकाच डब्यात असलेला एक ॲम्प पाहून ठेवलाय. त्यावर '२ × १०० वॉट' असं ठळक छापलंय, हेडफोनबद्दल मात्र '१६ ते ३०० ओहमसाठी योग्य' एवढंच. जो ॲम्प स्पीकरला १०० वॉट देतो तो हेडफोनला कमी पडेल का? की हेडफोनचा डॅक-ॲम्प वेगळा आणि स्पीकरचा वेगळा, असंच करावं? दोन डबे घेतले तर एकावरून दुसऱ्यावर जायचं कसं, हेही कळत नाहीये.

---

सोल्डरधूर

त्या १०० वॉटवरून हेडफोनबद्दल काहीही कळत नाही. जॅकपर्यंत ते वॉट येतात की नाही हे डबा उघडल्याशिवाय दिसत नाही. एका डब्यातल्या ॲम्पमध्ये जॅकला सिग्नल तीनपैकी एका वाटेने मिळतो:

१. हेडफोनसाठी स्वतंत्र चिप किंवा ऑपॲम्प. ही चांगली वाट. आउटपुट इम्पिडन्स (जॅकचा स्वतःचा आतला विद्युत अडथळा) १-२ ओहमच्या आत असतो.

२. स्पीकरच्याच आउटपुटवरून १०० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घालून. जुन्या मोठ्या इंटिग्रेटेड ॲम्पमध्ये हेच असायचं.

३. डॅक किंवा ब्लूटूथ चिपच्या पोटातच असलेला छोटा ड्रायव्हर थेट जॅकला जोडलेला. हा बऱ्याचदा १ व्होल्टच्या आसपास दम तोडतो. '१६ ते ३०० ओहमसाठी योग्य' एवढंच लिहून व्होल्ट किंवा मिलिवॉट दिले नसतील, तर मला पहिला संशय या तिसऱ्या वाटेचा येतो.

आता तुमचे आकडे. हेडफोनची तुलना मिलिवॉटवर करू नका, व्होल्टवर करा. १००० भागिले इम्पिडन्स, त्याचा लॉग, गुणिले १०. हे 'प्रति मिलिवॉट'च्या आकड्यात मिळवलं की 'प्रति व्होल्ट' निघतं. तुमच्या प्लॅनरला ९० अधिक १३, म्हणजे १०३ डेसिबल प्रति व्होल्ट. एचडी ६५० चा आकडा सेनहायझर थेट व्होल्टमध्येच देते, तोही १०३. म्हणजे एकाच व्होल्टला दोन्ही सारखेच मोठ्याने वाजतील.

शिखरं ११० डेसिबलपर्यंत जाऊ द्यायची असतील (फक्त क्षणिक शिखरं, सततचा आवाज नव्हे) तर दोघांनाही सुमारे २.२४ व्होल्ट लागतात. फरक करंटमध्ये आहे. एचडी ६५० तेवढ्यात ७.५ मिलिअँपियर ओढतो, म्हणजे सुमारे १७ मिलिवॉट. प्लॅनर ४५ मिलिअँपियर ओढतो, म्हणजे १०० मिलिवॉट. '३०० ओहम म्हणजे वाजवायला अवघड' ही समजूत इथे उलटी पडते. ज्या ॲम्पकडे व्होल्ट आहेत पण करंट नाही, तो एचडी ६५० झकास वाजवेल आणि प्लॅनरवर फाटेल.

तुम्हाला हवा तो जॅक असा: ५० ओहमवर किमान १०० मिलिवॉट, जमल्यास २५०. बास वाढवायला इक्वलायझर लावणार असाल तर ते २५० कामी येतात. याहून फार जास्तीची गरज फक्त हायफायमॅन एचई-६ सारख्या मुलखावेगळ्या हेडफोनला पडते. ५० ओहमला ८३.५ डेसिबल प्रति मिलिवॉट, म्हणजे त्याच ११० डेसिबलला जवळपास ४५० मिलिवॉट.

स्पीकरची बाजू टेबलावर फारच सोपी आहे. ७० सेंमी अंतरामुळे ३ डेसिबल मिळतात, दोन स्पीकरमुळे आणखी किमान ३. म्हणजे २.८३ व्होल्टलाच तुमच्या कानाशी ९२ डेसिबल. १०० डेसिबलच्या शिखराला ७.१ व्होल्ट, ६ ओहमवर साडेआठ वॉट. १०५ ला १२.६ व्होल्ट, २७ वॉट. शेजारी भांडायला येतील, पण १०० वॉट लागणार नाहीत.

तो १०० चा आकडाही जरा उलगडून बघा. असे वॉट बहुधा ४ ओहमवर आणि १० टक्के विकृतीला मोजलेले असतात, तेही सर्वांत मोठा अडॅप्टर लावून. ब्रिज्ड (स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या) क्लास-डी, म्हणजे स्विचिंग पद्धतीच्या ॲम्पचं शिखर व्होल्टेज अडॅप्टरच्या व्होल्टेजपेक्षा थोडं कमीच राहतं. २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर सुमारे १५.६ व्होल्ट आरएमएस (शिखराचा नव्हे, परिणामकारक आकडा) मिळतात, ६ ओहमला ४० वॉट. ३२ व्होल्टवर ७५. तुम्हाला २४ चा अडॅप्टर पुरतो. तो ३ अँपियरच्या पुढचा घ्या म्हणजे बास आला की व्होल्टेज खाली बसणार नाही.

---

पितळीजॅक

वरचं सगळं मान्य. एक धोक्याची गोष्ट राहिली. 'जॅक कमजोर निघाला तर स्पीकर टर्मिनलवरूनच अडॅप्टर करून हेडफोन लावू' असा जुगाड आजच्या छोट्या क्लास-डी ॲम्पवर करू नका.

ते ॲम्प ब्रिज्ड असतात. काळ्या टर्मिनलवर ग्राउंड नसतो, तिथेही लाल टर्मिनलच्या उलट्या दिशेने हलणारा सिग्नल असतो. हेडफोनच्या तीन पट्ट्यांच्या पिनमध्ये डाव्या-उजव्याचे ऋण टोक एकत्र असतात. म्हणजे तुम्ही दोन चॅनलचे ऋण आउटपुट एकमेकांवर शॉर्ट करता. मोनो गाण्यावर काही होत नाही, म्हणून लोक फसतात. स्टिरिओ लागलं की संरक्षण सुटतं किंवा चिप जाते.

ओळखायची पद्धत: ॲम्प चालू, काही वाजत नाही, स्पीकर सुटे. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, काळी तार आरसीए जॅकच्या (मागच्या गोल ऑडिओ जॅकच्या) बाहेरच्या कड्याला आणि लाल तार काळ्या स्पीकर टर्मिनलला. शून्य आलं तर ग्राउंड सामाईक आहे. अडॅप्टरच्या अर्धे व्होल्ट, म्हणजे २४ ला १२ च्या आसपास दिसले तर ब्रिज्ड. बाकी काही दिसलं तरी ब्रिज्डच समजा.

हाच नियम ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (डाव्या-उजव्याची ऋण टोकं वेगळी असलेल्या) जॅकला. हेडफोनची बॅलन्स्ड वायर साध्या ३.५ च्या जॅकला जोडणारं कनेक्टर चालतं. ४.४ च्या जॅकमधून साधी तीन पट्ट्यांची पिन काढणारं कनेक्टर चालत नाही, ते विकत मिळत असलं तरी. स्पीकर आणि हेडफोन बदलायच्या कळपेट्याही आतून ऋण तारा जोडलेल्या असतात, त्या उघडून बघितल्याशिवाय ब्रिज्ड ॲम्पला लावू नयेत.

---

शांतरात्र

मी दोन डब्यांच्या बाजूचा. कारण आवाजाचं नाही, खुंटीचं आहे.

स्पीकर ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, साधारण २० पट असतो. डॅक पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो. टेबलावर रोजच्या ऐकण्याला, म्हणजे सरासरी ७०-७२ डेसिबलला, तुमच्या स्पीकरला जेमतेम पाव व्होल्ट हवा. म्हणून व्हॉल्यूमची खुंटी कायम तळाशी राहते, आणि स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (खुंटीखालच्या फिरत्या रेझिस्टरचे) दोन चॅनल तळाशीच जुळत नाहीत. आवाज एका बाजूला कलतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. हेडफोनचा डॅक-ॲम्प पुढे ठेवून त्याच्या प्री-आउटवरून (दुसऱ्या ॲम्पला सिग्नल देणाऱ्या आउटपुटवरून) पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकरचा ॲम्प चालवला, की पॉवर ॲम्पची खुंटी एकदाच बसवायची आणि रोजचा आवाज पुढच्या डब्यावर. संगणकातून १०-१५ डेसिबल डिजिटली कमी केलं तरी २४ बिटमध्ये काही बिघडत नाही.

प्री-आउट घेताना तीन गोष्टी विचारा.

तो खुंटीनुसार कमी-जास्त होतो की कायम २ व्होल्टवर असतो? दोन्ही सोय असणाऱ्या यंत्रात वीज गेल्यावर ते कोणत्या स्थितीत सुरू होतं हे बघा. कायम-पातळीवर सुरू झालं आणि पॉवर ॲम्पची खुंटी वर असली तर स्पीकर किंचाळतील.

पिन घातल्यावर प्री-आउट बंद होतो का? की बटण दाबावं लागतं? बटणवालं बरं, कारण पिन रोज काढघाल केली की जॅक ढिला होतो.

हेडफोन आणि स्पीकरची पातळी वेगवेगळी लक्षात राहते का? नसेल तर प्लॅनर ऐकून झाल्यावर पिन उपसण्याआधी खुंटी खाली आणायची सवय लावावी लागते.

चालू करताना आधी डॅक, शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरमध्ये 'ठप्प' होतं.

---

सोल्डरधूर

खुंटीचा मुद्दा बरोबर, पण तो एका डब्यातही सुटू शकतो. डिजिटल किंवा रिले व्हॉल्यूम असेल तर चॅनल तळालाही जुळलेले राहतात. घुमणारी खुंटी असली म्हणजे आत पोटेन्शिओमीटरच आहे असंही नाही. शेवटाला न अडता फिरतच राहिली तर ती एन्कोडर आहे, म्हणजे फक्त फिरणं मोजून डिजिटली आवाज बदलणारी.

आणि दोन डबे म्हणजे एक वायर जास्त, तिच्याबरोबर घुंईं येण्याची एक वाट जास्त. संगणक, डॅक आणि ॲम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले की ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचं वेटोळं) होतो. माउस हलवल्यावर चिरचिर बदलत असेल तर ती यूएसबीच्या ग्राउंडवरून येतेय. आधी सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. नाही गेली तर संगणकाला ऑप्टिकल आउटपुट असल्यास ते वापरा, त्यात तांबंच नसतं. त्यानंतर यूएसबीचा ग्राउंड तोडणारा यूएसबी आयसोलेटर. आरसीए वायरच्या मधे बसवायचे स्वस्त ट्रान्सफॉर्मर सगळ्यात शेवटी, ते खालचा बास खातात.

---

टेबलखुर्ची

तो एकाच डब्यातला ॲम्प दोन दिवस वापरून परत करता येईल. जॅक कोणत्या वाटेचा आहे ते न उघडता मोजता येईल का? साधा मल्टिमीटर आहे. आणि आउटपुट इम्पिडन्स जास्त निघाला तर तो लगेच बाद करायचा का?

---

सोल्डरधूर

येईल. ४७ ओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर घ्या, एका जास्तीच्या पिनला दोन तारा जोडा. हेडफोन दूर ठेवा.

आधी काही न वाजवता डीसी मोजा. १० मिलिव्होल्टच्या आत छान, ५० च्या वर गेला तर तो ॲम्प हेडफोनला लावू नका.

मग संगणकावर १०० हर्ट्झचा साइन वाजवा (साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला एसी चुकीचं दाखवतात) आणि खुंटी अशी लावा की रेझिस्टरशिवाय १.०० व्होल्ट येईल. रेझिस्टर जोडून परत वाचा. ०.८२ आलं तर ४७ × (१ ÷ ०.८२ − १), म्हणजे सुमारे १० ओहम. ०.३० च्या आसपास आलं तर वर सांगितलेली रेझिस्टरची वाट.

मग दम. रेझिस्टर तसाच ठेवून संगणकाची पातळी ६ डेसिबल खाली करा, वाचा, परत ६ वर करा. व्होल्टेज दुप्पट झालं तर तिथपर्यंत ॲम्प स्वच्छ आहे. खुंटी थोडी चढवून पुन्हा तेच. जिथे दुप्पट होत नाही तिथे तो क्लिप होतोय, म्हणजे लाटेची टोकं कापतोय, ती त्याची हद्द.

इम्पिडन्सवरून लगेच बाद करू नका. 'हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी' हा नियम सुरक्षित आहे, पण तो का ते बघा. हेडफोनचा इम्पिडन्स फ्रीक्वेन्सीनुसार बदलत असेल तरच आवाजाचा तोल बिघडतो. एचडी ६५० चा १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या घरात चढतो, म्हणून १२० ओहमच्या जॅकवर तिथे साधारण १ डेसिबलचा फुगवटा येतो. काहींना तो आवडतोही. प्लॅनरचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट, म्हणून तोल तसाच राहतो, पण त्याच १२० ओहमवर पातळी साडेदहा डेसिबलने पडते. खरी पंचाईत अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनची: ८ ते ४० ओहम असा फिरणारा इअरफोन १० ओहमच्या जॅकवरही ५ डेसिबल वाकडा होतो. तुमच्याकडे तो नाही.

---

टेबलखुर्ची

मोजलं. डीसी ३ मिलिव्होल्ट. १.०० चे ०.९८ झाले. ४७ ओहमवर १.६ व्होल्टपर्यंत दुप्पट होतं, पुढे नाही. काळ्या टर्मिनलवर ११.९ व्होल्ट. हे १.६ पुरेल का?

---

सोल्डरधूर

आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास, उत्तम. १.६ व्होल्ट म्हणजे प्लॅनरवर शिखराला १०७ डेसिबल, ५० मिलिवॉटच्या थोडं वर; आधी सांगितलेल्या १०० मिलिवॉटच्या जवळपास निम्मे, पण ऐकायला फक्त ३ डेसिबल कमी. एचडी ६५० ला निदान तेवढं मिळेलच.

इक्वलायझर लावणार नसाल तर ठेवा, तक्रारीला जागा नाही. प्लॅनरला बासमध्ये ६ डेसिबल चढवणार असाल तर क्लिप टाळायला तेवढंच एकूण पातळीतून उतरवावं लागेल, मग बाकीच्या आवाजाला १०१ उरतात. हळू रेकॉर्ड केलेल्या शास्त्रीय मैफलीला ते तोकडे पडतात, एरवी चालतात.

---

पितळीजॅक

११.९ म्हणजे ब्रिज्ड. काळ्या टर्मिनलवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. पुढे सबवूफर घेतलात तर त्याच्या हाय-लेव्हल इनपुटची (स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेणाऱ्या इनपुटची) काळी तार त्या टर्मिनलला जोडायची नाही. सबसाठी ॲम्पच्या मागे वेगळा आरसीए आउट आहे का ते परत करायची मुदत संपायच्या आत बघून घ्या.