मदत हवी आहे: जाळरेषा काढूनही वणवा वस्तीपर्यंत येतो

काठावरचा:
आमची वस्ती जंगलाला लागून आहे. कोरडा हंगाम सुरू होण्याआधी आम्ही जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत-झुडपे काढून मोकळा केलेला पट्टा, काढली होती, तरीही वणवा ती ओलांडून घरांमागच्या गवतापर्यंत पोहोचला. वस्तीची बैठक याच आठवड्यात आहे, म्हणून कृपया एवढेच सांगा की रेषा किती रुंद असावी. जनजागृती करावी, झाडे लावावीत हे सल्ले ऐकून झाले आहेत.

रानवाटा:
वस्ती चढावर आहे की पायथ्याशी? रेषेपलीकडे नुसते गवत आहे की झुडपेही आहेत? रेषा काढल्यानंतर ती पुन्हा झाडली होती का? हे कळल्याशिवाय रुंदीचा आकडा सांगणे धोक्याचे आहे. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे सपाटीवर पुरेशी ठरणारी रेषा चढावर तोकडी पडते.

जुना वनप्रेमी:
रुंदीचा विचार सोडा आणि हंगामाच्या सुरुवातीलाच रेषेपलीकडचे गवत पट्ट्यापट्ट्याने जाळून टाका. आमच्याकडे हाच उपाय लागू पडला आहे.

रानवाटा:
प्रशिक्षित माणसे, वनविभागाची परवानगी आणि वाऱ्याचा अंदाज हाताशी नसताना असा सल्ला देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नियंत्रित जाळणी उपयोगी असते हे मला मान्य आहे. परंतु हाताबाहेर गेलेली जाळणी हेच अनेक वणव्यांचे मूळ असते.

जुना वनप्रेमी:
परवानगी घ्यावीच लागते, हे मी गृहीत धरले होते. मात्र गवत वर्षानुवर्षे साठू दिले, तर एक दिवस लागणारी आग कोणालाच आवरणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

आकाशदर्शी:
नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर उपग्रहांना दिसलेली आगीची ठिकाणे विनामूल्य पाहता येतात आणि आपल्या परिसरापुरती सूचना ईमेलवर मागवता येते. उपग्रहांवरील व्हीआयआयआरएस या उपकरणाची माहिती ३७५ मीटरच्या तपशिलाने मिळते, म्हणजे नकाशावरचा एक ठिपका साधारण तेवढ्या लांबी-रुंदीच्या जमिनीचा असतो. बैठकीत हे अवश्य सांगावे.

काठावरचा:
आभारी आहे, पण आग लागली हे आम्हाला धुरावरूनच कळते आणि उपग्रहाची सूचना येईपर्यंत ती घराशी पोहोचलेली असते. रानवाटा, वस्ती चढाच्या माथ्याजवळ आहे, खाली गवत आणि झुडपे दोन्ही आहेत, आणि रेषेवर नंतर पालापाचोळा साचला होता. खालच्या शेतात भर दुपारी काडीकचरा पेटवला गेला आणि तिथूनच आग वर आली.

रानवाटा:
मग दोष रुंदीपेक्षा पाचोळ्याचा आणि त्या दुपारच्या वेळेचा अधिक आहे. पाचोळा साचलेली रेषा आगीला वाटच करून देते, म्हणून हंगामभर ती झाडत राहण्याची पाळी ठरवा. बैठकीला खालच्या शेतकऱ्यांनाही बोलवा. कचरा जाळण्याऐवजी कुजवता आला तर उत्तमच. जाळणे टळतच नसेल, तर वारा नसलेल्या वेळी, पाणी आणि माणसे जवळ ठेवून जाळावे, आणि नंतर राखेवर पाणी ओतून, ती ढवळून, थंड झाल्याची खात्री होईपर्यंत तिथून हलू नये. वरून विझलेल्या ढिगात निखारे बराच काळ धुमसत राहतात आणि वारा सुटला की पुन्हा पेट घेतात.

घरबांधणी:
घरांविषयी कोणीच बोललेले नाही. मोठ्या वणव्यात अनेक घरे ज्वाळा पोहोचण्याआधीच वाऱ्याने उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात आणि ठिणग्या कितीही रुंद रेषा ओलांडतात. भिंतीलगतच्या सुमारे दीड मीटर पट्ट्यात सरपण, सुके गवत, पाचोळा असे जळणारे काहीही ठेवू नका. छपरावरची आणि पन्हळीतली पानेही काढत राहा.

जुना वनप्रेमी:
आणि बाहेर पडण्याच्या वाटेचे काय? २०१८ साली कॅलिफोर्नियातील कॅम्प फायर वणव्यात ८५ माणसे मरण पावली. त्या वेळी पॅराडाइज गावातून निघणारे रस्ते गाड्यांनी तुंबले होते. वृद्धांना आणि आजाऱ्यांना कोणी न्यायचे, हे धूर दिसण्याआधीच नावानिशी ठरलेले असावे.

काठावरचा:
झाडण्याची पाळी आणि भिंतीलगतची सफाई हे विषय बैठकीत मांडतो. मात्र आमचा एकमेव रस्ता त्याच उतारावरून, म्हणजे आगीच्या बाजूनेच खाली जातो. रस्ता बंद झाला तर थांबण्यासाठी मोकळे मैदान कसे निवडावे, ते घरांपासून आणि झुडपांपासून किती दूर असावे, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावे.