कॉमिक कॉन, आर्टिस्ट अ‍ॅली आणि तुमची स्केचवही

कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचा मेळा, म्हटलं की बहुतेकांना चित्रविचित्र वेश केलेली पोरं आणि सिनेमांच्या घोषणा आठवतात. पण त्याच हॉलच्या एका अंगाला लांब टेबलं मांडून चित्रकार बसलेले असतात (हीच आर्टिस्ट अ‍ॅली), आणि कोरी वही काखोटीला मारून दिवसभर तिथेच रेंगाळणारे आपल्यासारखे लोकही असतात. ही चित्रं दुकानात मिळत नाहीत. समोर उभं राहून, विनंती करून, डोळ्यांदेखत काढून घ्यावी लागतात. असा दिवस तुमच्या वाट्याला आला असेल तर जरूर लिहा. देश कुठलाही चालेल, चित्रकार नावाजलेला असलाच पाहिजे असंही नाही. सुरुवात माझ्यापासून.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

सॅन डिएगोचं कॉमिक कॉन 1970 पासूनचं, नाव त्याचंच मोठं. पण तिथे लाखाच्या वर माणूस लोटतो आणि निम्मा दिवस रांगांत जातो. स्केचसाठी मला आमच्या शार्लटचं हीरोजकॉन जास्त प्रिय. 1982 साली इथल्या एका कॉमिक्सच्या दुकानदाराने सुरू केलेलं, जूनमध्ये भरणारं. नटांपेक्षा चित्रकारांचा मान तिथे अजूनही मोठा आहे.

माझी वही एकाच विषयाची आहे: चहा पिणारी पात्रं. विषय ठरलेला असला की चित्रकाराला पटकन सुचतं, आणि आधीच्यांनी काय काय केलंय ते चाळताना त्यालाही चेव येतो. शुक्रवारी दार उघडलं की आधी टेबलाटेबलांवर जाऊन यादीत नाव घालायचं, गप्पा नंतर. काहींची यादी अर्ध्या तासात भरते, काहींची तर आधीच ईमेलवर भरलेली असते. चित्रांचे दर टेबलावर लिहिलेले असतात: नुसता चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण आकृती. पैसे रोख नेलेले बरे.

त्या दुपारी एका वयस्कर चित्रकाराकडे नंबर लागला. त्यांनी द थिंग निवडला, फँटॅस्टिक फोरमधला दगडी अंगाचा. मी म्हटलं, आमच्याकडे गरम चहा बशीत ओतून पितात. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. मग मी कॉफीच्या कपाचं झाकण बशीसारखं धरून दाखवलं, बोटं कुठे, फुंकर कशी, पहिला घोट कसा. त्यांनी फिकट निळ्या पेन्सिलीने आधी फक्त बशीचा लंबगोल काढला आणि मग त्याच्याभोवती तो अवाढव्य पंजा बसवला. पुढे ब्रश पेन. अंगावरचा एकेक दगड वेगळ्या आकाराचा, आणि हात कुठेही अडखळला नाही. सगळ्यात शेवटी पांढऱ्या जेल पेनने वाफेच्या दोन रेघा. थिंगचे गाल फुगलेत, भुवया चढल्यात आणि सगळं लक्ष त्या इवल्याशा बशीवर. इतक्या ताकदीचा गडी चहा सांडू नये म्हणून जपतोय, हे त्यांना न सांगता उमगलं होतं.

छापील अंकात आपल्याला चित्र पूर्ण झालेलंच दिसतं. ते घडताना बघायला मिळतं ते इथेच, आणि माझ्या लेखी पैसे त्याचेच असतात. शनिवारी तर काही चित्रकार दिवसभर लिलावासाठी मोठी चित्रं हॉलमध्येच रंगवत असतात. रात्रीची बोली आपल्या आवाक्याबाहेर गेली तरी दिवसा बघायला कुणाची मनाई नाही.

बोरिवली

मस्त धागा! आमचा अनुभव गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रातला. भारतात कॉमिक कॉन पहिल्यांदा भरलं ते 2011 साली, दिल्ली हाटमध्ये. नंतर मुंबईत आलं आणि आम्हाला हायवेच्या कडेलाच सापडलं. आपल्याकडे अजून दरपत्रकाची पद्धत फारशी नाही. पुस्तक किंवा प्रिंट घेतली की बरेच चित्रकार पहिल्या पानावर आनंदाने काहीतरी काढून देतात.

लेक तेव्हा तिसरीत होती आणि सुप्पंडीची भक्त. (हा बावळट नोकर सुप्पंडी टिंकल या मुलांच्या कॉमिकमध्ये 1983 पासून आहे, चित्रकार राम वाईरकरांच्या हातचा. म्हणजे तो माझाही बालमित्र.) टेबलामागच्या ताईंनी तिला विचारलं, "सुप्पंडी काय करतोय ते तू सांग." लेकीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मालकांनी सांगितलंय वहीवर लक्ष ठेव. तो वहीकडे बघतोय आणि मागून चोर बॅग नेतोय." ताई खुर्चीतच हसून हसून वाकल्या. तसंच्या तसं काढून दिलं आणि खाली लिहिलं, "कथा:" आणि पुढे लेकीचं नाव. ते पान आता फ्रेममध्ये आहे. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं लेखकाचं म्हणून ऐकलं, ते.

ल्यों, फ्रान्स

इकडची तऱ्हा निराळी. आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात (1974 पासून, जानेवारीअखेर, कडाक्याच्या थंडीत) तुम्ही प्रकाशकाच्या मांडवात चित्रकाराचा अल्बम (कॉमिक्सचं पुस्तक) घ्यायचा, रांगेत उभं राहायचं किंवा सोडतीची चिठ्ठी काढायची, आणि तो आतल्या कोऱ्या पानावर तुमच्यासाठी चित्र काढतो. याला देदिकास म्हणतात. पैसे घेत नाहीत. बरेच जण जलरंगाची छोटी पेटी घेऊनच बसतात.

मला एकदा असं संपूर्ण रंगवलेलं पान मिळालं: पावसातला पूल आणि त्यावर एक कुत्रा. पान ओलं, बाहेर खराखुरा पाऊस, अल्बम मिटता येईना. नवरा छत्री धरून उलटा चालतोय आणि मी अल्बम उघडा धरून त्याच्या पुढ्यात, अशी आमची वरात जवळच्या कॅफेपर्यंत गेली. कॅफेवालीने काही न विचारता रेडिएटरजवळचं टेबल दिलं. त्या गावात तिला ते नवीन नसावं!

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हे चित्रकार तासन्‌तास बसून काढतात आणि त्या श्रमाचं मानधन बहुतेकांना मिळत नाही. यावर फ्रान्समध्ये चित्रकारच आवाज उठवताहेत. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. फुकट मिळालेलं चित्र मला हवंहवंसं आहेच, पण त्याची किंमत कुणीतरी चुकवतंय हे विसरता येत नाही.

योकोहामा

टोकियोत 1975 पासून भरणारं कॉमिकेट मुख्यतः हौशी आणि स्वतंत्र चित्रकारांचं. स्केचबुकला इथे सगळे 'सुकेबु' म्हणतात. टेबलावर "सुकेबु चालेल" अशी पाटी असेल तरच विचारायचं. आधी त्यांचं पुस्तक घ्यायचं (सुटी नाणी हवीतच), मग दोन्ही हातांनी वही द्यायची आणि निघून जायचं. सांगितलेल्या वेळेला वही परत घ्यायची. चित्र घडताना बघायला मिळत नाही, त्याऐवजी वही उघडतानाची धडधड मिळते. चित्रकाराला छोटा खाऊ नेण्याचीही रीत आहे. मी लोणावळ्याची चिक्की नेते, बंद पाकीट. पुढच्या खेपेला एकीने न मागता मला चिक्की खाणारी मांजर काढून दिली.

पुणे, टेबलाच्या पलीकडून

मी चित्रकार आहे, त्यामुळे वरचं सगळं वाचून फार बरं वाटलं. आमच्या बाजूचंही थोडं लिहितो.

दिवसभरात मनगट आणि मान यांची वाट लागते. तरीही संध्याकाळी कुणी नीट विचार करून आलेलं असलं की हात पुन्हा चालायला लागतो. "काहीही काढा पटकन" यापेक्षा "हा खलनायक, पण झोपेतून उठलेला" हे आम्हाला शंभरदा आवडेल. पात्र जुनं किंवा अनोळखी असेल तर फोनवर दोन स्पष्ट चित्रं तयार ठेवा; हॉलमध्ये नेटवर्क नसतं. आम्ही काढत असताना बोललात तर चालतं, मोक्याच्या क्षणी गप्प राहिलात तर आणखी चालतं. (डोळे काढणं हा मोक्याचा क्षण.)

एकदा मी एका मुलाला आजारी भावासाठी म्हणून पूर्ण रंगीत चित्र विनामूल्य दिलं होतं. आठवड्याने ते एका विक्रीच्या साइटवर दिसलं. दोन दिवस हातात पेन धरवलं नाही. तेव्हापासून प्रत्येक स्केचवर ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव घालतो. कुणी "नाव नको" म्हणालं तर पूर्ण दर लावतो, कारण विकत घेतलेलं चित्र विकायचा त्याला हक्क आहे. खरा संग्राहक नावाला कधीच नाही म्हणत नाही. उलट स्पेलिंग सांगतो.

नाशिक

सगळ्यांचे अनुभव एका बैठकीत वाचून काढले. या वर्षी पहिल्यांदाच जायचं ठरवतोय. वही कशी घेऊ? घरातली साधी ड्रॉइंगची वही चालेल का?

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

साधी नको रे, मार्कर आरपार उतरतो आणि मागच्या पानावरचं चित्र जातं. 200 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा, गुळगुळीत कागद बघ. आकार ए-फोर पुरे; त्याहून मोठी वही टेबलावर मावत नाही आणि दिवसभर खांद्याला जड होते. स्पायरलची घेतलीस तर सपाट उघडते, चित्रकाराला हात टेकता येतो. चालू पानाखाली सरकवायला एक जाड पुठ्ठा ठेव आणि शाई ताजी असताना मध्ये घालायला बटर पेपर. पहिलं पान मोकळं सोड, कोऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर काढायला पुष्कळ जण कचरतात. आणि पुण्याच्या दादांनी सांगितलंय तसं, तुझं नाव चिठ्ठीवर ठळक लिहून वहीत अडकव, देवनागरीत आणि रोमनमध्येही.